सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन सुटं करताना: प्रकल्प नोंदी

यंत्र: दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक, ६.५ किलोचं, बॉडी प्लास्टिकची, पाणी बोअरचं. तक्रार: धुतं, पण ड्रायर फिरत नाही. काढून हवं ते: धुण्याची मोटर (लाकूड घासायच्या डिस्क सँडरसाठी), टायमर, कपॅसिटर (वीज साठवून मोटरीला फिरायला मदत करणारा भाग) आणि चालू स्थितीत निघेल ते.

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ताणकाट्यावर वजन (आतलं पाणी काढल्यावर) २१.५ किलो. ड्रेनचा नॉब फिरवून पाइप खाली सोडला. मशीन रिकामं म्हणून दिलेलं, तरी अर्धा लिटर काळं पाणी निघालं. हे न करता मशीन आडवं केलं की तेच पाणी मोटरीवर जातं आणि पुढच्या सगळ्या तपासण्या फसव्या येतात.

स्क्रूला हात लावण्याआधी चालवून पाहिलं. एकदा वायरी सुटल्या की कोणता भाग चांगला होता हे सांगणारं काही उरत नाही. आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे वीज १०० वॉटच्या पिवळ्या बल्बमधून मशीनला. बल्ब मंद पेटला. भगभगून पेटला असता तर आत शॉर्ट. मग थेट २३० व्होल्टवर. धुण्याची बाजू दोन्ही दिशांना फिरली, आवाज कोरडा पण एकसारखा. ड्रायरचं झाकण लावून टायमर फिरवला तर नुसतं घूं. पाच सेकंदांत बंद केलं. ड्रायरचा टब हाताने फिरवला तर जड, एका जागी खरखर. म्हणजे दोष फक्त विजेचा नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मागचं पॅनल आठ स्टार स्क्रूंवर. सहा सुटले, खालचे दोन गंजलेले. त्यांची डोकी ड्रिलने उडवली. पॅनल भंगारातच जाणार आहे, तिथे तासभर तेल मुरवत बसण्यात अर्थ नाही.

आत अपेक्षेप्रमाणे उंदीर. ड्रायरच्या मोटरीच्या दोन वायरी तांब्यापर्यंत कुरतडलेल्या, कोपऱ्यात चिंध्यांचं घरटं. खालून जाळी न बसवलेल्या मशीनचं हे ठरलेलं आहे. हातमोजे आणि मास्क घालून घरटं प्लास्टिकच्या पिशवीत, मग डेटॉलच्या पाण्याने फडकं. ब्रशने झाडायचं नाही, सुकलेली लेंडी हवेत उडते.

वायरी सोडण्याआधी प्रत्येकीला कागदी टेप लावून ती कुठून कुठे जाते ते लिहिलं. रंग लिहून काही उपयोग नाही. एका कंपनीत पिवळी म्हणजे मोटरीची कॉमन (आतल्या दोन्ही वेटोळ्यांची सामाईक वायर), दुसरीत तीच बझरची, आणि मशीन एकदा दुरुस्त झालेलं असेल तर मेकॅनिकच्या पिशवीत जी होती ती वायर. इथेही एक पांढरी वायर मध्येच निळी झालेली होती.

कपॅसिटर उतरवला. मशीन बराच वेळ बंद असलं तरी आधी १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी टोकांवर लावून दहा सेकंद धरला. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय अनेकांना असते. त्यात पात्याचं टोक वितळतं आणि कपॅसिटरच्या आतल्या जोडणीवर ताण येतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कपॅसिटर दुहेरी आहे. एकाच डब्यात दोन, तीन वायरी, एक कॉमन. लेबल १० + ५ एमएफडी (मायक्रोफॅरॅड, कपॅसिटरच्या क्षमतेचं माप), ४४० व्होल्ट एसी, अधिक-उणे ५ टक्के. मीटरवर मोठा भाग ९.७ भरला, म्हणजे हद्दीत. छोटा ३.१. तो ड्रायरचा. घूं करून न फिरण्याचं अर्धं कारण इथे सापडलं.

कपॅसिटर मोजणारा मीटर नसेल तर दुसरा मार्ग: कपॅसिटर फ्यूजमधून २३० व्होल्टवर लावून करंट मोजायचा. ५० हर्ट्झवर १० एमएफडीला सुमारे ०.७२ अँपिअर यायला हवा. ९.७ ला ०.७० आला, दोन्ही मोजमापं जुळली. बंद केल्यावर परत रेझिस्टर लावायचाच, कपॅसिटर २३० च्या शिखराचा, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा चार्ज धरून बसलेला असू शकतो.

मोठा भाग चांगला असला तरी हा डबा सँडरवर जाणार नाही. एक भाग निकामी झालेला असताना त्याच डब्यातल्या दुसऱ्यावर भरवसा ठेवणं बरं नाही. तपासणीपुरता ठेवला. सँडरसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतून (विजेच्या सामानाचा बाजार) नवा १० एमएफडी आणायचा. मागताना 'रनिंग कपॅसिटर' म्हणायचं. दिसायला तसाच असलेला स्टार्टचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सतत जोडून ठेवला तर काही मिनिटांत फुगतो.

टायमर दोन, दोन्ही चावीचे: धुण्याचा १५ मिनिटांचा, ड्रायरचा ५ मिनिटांचा. धुण्याच्या टायमरवर मोटरीच्या जागी दोन बल्ब जोडून चक्र पाहिलं. पहिला बल्ब २१ सेकंद, मग ५ सेकंद अंधार, मग दुसरा २१ सेकंद. मधले ५ सेकंद महत्त्वाचे: मोटर पूर्ण थांबायच्या आत उलट दिशा मिळाली तर मूळ दिशेनेच फिरत राहू शकते, किंवा पट्ट्याला झटका बसतो. १५ मिनिटांत एकदाही संपर्क चुकला नाही, टायमर पास. ड्रायरचा टायमर शेवटच्या मिनिटाला अडकतो. तो उघडला नाही. पत्र्याचे कान सरळ केले की आतली कमान उसळते, आणि ती परत बसवून वेळ बरोबर येणं जवळपास अशक्य.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सगळा दिवस पल्सेटरने खाल्ला.

टबाच्या तळाशी असलेल्या या चकतीचा मधला स्क्रू स्टेनलेसचा, शाफ्ट पोलादी, आणि दोन्हींच्या मध्ये बोअरच्या पाण्याचा क्षार सिमेंटसारखा बसलेला. पहिल्याच प्रयत्नात स्टारच्या खाचा गोल व्हायला लागल्या, म्हणून लगेच थांबलो. खाच गेल्यावर उरतं ते फक्त ड्रिल. क्षारावर तेल चालत नाही, आम्ल चालतं. मधल्या खोलगट जागेत व्हिनेगर भरलं. थोडे बुडबुडे आले. दर अर्ध्या तासाने जुनं टिपून नवं, असं चार वेळा. मग ६० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर पाच मिनिटं. टॉर्च वापरता येत नाही, बाजूला प्लास्टिक आहे. डोक्यावर बसणारा स्क्रू-ड्रायव्हर ठेवून मागून हातोडीचे तीन हलके ठोके, आणि ठोक्याबरोबरच वळण. निघाला.

चकती मात्र शाफ्टच्या दात्यांवर घट्ट. दोन बाजूंनी चमचे घालून उचकलं तर कड चिरते. त्याऐवजी सामान बांधायची प्लास्टिकची पट्टी चकतीखालून समोरासमोर दोन ठिकाणी सरकवली, चारही टोकं वर एकत्र बांधली, त्या फासात लाकडाचा दांडा घातला आणि वर ताण देत चकतीवर गरम पाणी ओतलं. प्लास्टिक पोलादापेक्षा जास्त पसरतं. तिसऱ्या तांब्याला फट् आवाज करून सुटली.

खाली काय होतं: काळ्या तंतूंचा ओला थर, बोटभर जाड, साबण आणि क्षाराने थापीव झालेला. त्यात दोन हेअरपिना, चार शर्टाची बटणं, गंजलेली सेफ्टी पिन आणि दोन रुपयांचं नाणं. सेफ्टी पिनेचं टोक शाफ्टभोवतीच्या ऑइल सीलच्या ओठात घुसलेलं. तिथून पाणी झिरपायला नुकती सुरुवात झाली होती, खाली पुलीवर पांढरे ओघळ दिसतात.

रविवार, ९ फेब्रुवारी

ड्रायर. टबाचा शाफ्ट खाली एका कपलिंगमध्ये बसतो, कपलिंग मोटरीच्या शाफ्टवर, आणि कपलिंगचाच बाहेरचा घेर म्हणजे ब्रेकचा ड्रम. कपलिंगच्या बोल्टला लॉक नट असतो. आधी नट ढिला, मग १० मिमीच्या पान्याने बोल्ट. हा क्रम न पाळता थेट बोल्टवर जोर लावला की डोकं तुटतं. इथे गंज इतका होता की क्रम पाळूनही डोकं गोल झालं. शेवटी लॉक होणाऱ्या पकडीने धरून, रात्रभर मुरलेल्या तेलावर, पाव वळण पुढे-पाव मागे करत काढला.

आता ड्रायर बंद पडण्याचं खरं कारण दिसलं. टबाच्या तळाशी शाफ्टभोवती रबराचं बेलोज (पाणी अडवणारी घड्यांची नळी) असतं, त्याला आतल्या घडीत नखाएवढी चीर. तिथून थेंब शाफ्टवर, शाफ्टवरून कपलिंगवर, तिथून मोटरीच्या वरच्या बेअरिंगवर. तपकिरी ओघळ वरपासून खालपर्यंत सलग आहे, बोटाने माग काढता येतो. बेअरिंग गंजलं, मोटर जड झाली, तिकडे कपॅसिटरची क्षमता घटलेली. दुरुस्तीला नुसता कपॅसिटर बदलला असता तर ती महिनाभर चालून परत थांबली असती.

टब वर खेचून काढला. त्याचा शाफ्ट तळाच्या प्लास्टिकमध्येच ओतलेला असतो, सुटा करायच्या फंदात पडू नये. हॅकसॉने खालून कापला. भोकांची ही टोपली कुंडी म्हणून उत्तम, पाणी साचत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दोन्ही मोटरी टेबलावर.

धुण्याची: ३.९ किलो. कॉमन ते पहिलं टोक २१.४ ओहम, कॉमन ते दुसरं २१.६, टोक ते टोक ४३.०. दोन्ही वाइंडिंग (तारेची वेटोळी) सारखी, कारण हिला दोन्ही दिशांना सारख्याच जोराने फिरायचं असतं. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) बॉडीशी २० मेगओहमच्या वर. शाफ्टला वरखाली खेळ नाही, दोन्ही टोकांना ६२०२ बॉल बेअरिंग. बुश (गोळ्यांशिवायची साधी नळी) असता तर सँडरसाठी नाकारली असती, कारण डिस्कवर लाकूड दाबलं की शाफ्टवर आतल्या दिशेने जोर येतो आणि बुश तो पेलत नाही.

ड्रायरची: २.८ किलो. कॉमनपासून ५८ आणि ९४ ओहम. एकाच दिशेला फिरते म्हणून वाइंडिंग असमान. मेगरवर ०.१ मेगओहम. उघडून १०० वॉटच्या बल्बखाली खोक्यात रात्रभर सुकवली तर सकाळी ४ मेगओहमवर आली, म्हणजे वाइंडिंग जळलेलं नाही, ओलं होतं. तरीही ठेवली नाही. वरचं बेअरिंग शाफ्टवर गंजून बसलंय, पुलर लावला तर शाफ्टला ओरखडे, आणि एवढं करून मिळणार काय, तर पाच मिनिटांच्या कामासाठी बनवलेली मोटर.

'तांबं निघेल' ही आशा आधीच तपासून घ्यावी. वाइंडिंगची एक तार ब्लेडने खरवडली: वरचा एनॅमल तांबूस, आत पांढरी. ॲल्युमिनियम. दोन्ही मोटरींत तेच. भंगारवाल्याकडे याचा भाव तांब्याच्या जवळपासही नाही. शिवाय ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. आतले जोड दाबून केलेले असतात. म्हणून मोटरीच्या वायरी बॉडीजवळ कापायच्या नाहीत, किमान १५ सेंमी ठेवायच्या. आत तुटलेला जोड घरी परत होत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

धुण्याची मोटर फळीवर आडवी बसवली. जोडणी: न्यूट्रल कॉमनला, नवा १० एमएफडी दोन टोकांच्या मध्ये, फेज कोणत्याही एका टोकाला. टोक बदललं की दिशा बदलते. हिरवी वायर मोटरीच्या बॉडीला. मूळ मशीन प्लास्टिकचं असल्याने अर्थिंग फक्त मोटरींपुरतं होतं आणि ते कापताना विसरलं जातं. सँडरला लोखंडी स्टँड येणार, त्याला अर्थिंग नसेल तर पुढे काहीच करू नये. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच).

पुली काढून नुसती मोटर चालवली. बिनभाराला १.२ अँपिअर. अठराव्या मिनिटाला आपोआप बंद.

घाईत मोटर गेली असं वाटू शकतं, कारण कॉमनपासून दोन्हीकडे मीटर काहीच दाखवत नाही. पण टोक ते टोक ५८.९ ओहम आले. म्हणजे वाइंडिंग शाबूत, कॉमनमध्ये बसवलेला थर्मल प्रोटेक्टर (मोटर फार तापली की वीज तोडणारा भाग) उघडलाय. याच आकड्यावरून तापमानही निघतं. ॲल्युमिनियमसाठी: गरम रोध भागिले थंड रोध, गुणिले (२२५ अधिक खोलीचं तापमान), उणे २२५. खोली २८ अंश. ५८.९ / ४३.० × २५३ − २२५ = साधारण १२१ अंश. तांब्याच्या तारेला २२५ च्या जागी २३४.५ घ्यायचे. मोजमाप प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून सोडवून, अर्ध्या मिनिटाच्या आत, नाहीतर आकडा खाली येतो.

मोटरीवर क्लास बी (इन्सुलेशनचा दर्जा) लिहिलंय, हद्द १३० अंश. बिनभाराला १२१ म्हणजे नापास. कारण टेबलावरच पडलेलं होतं: काढलेल्या पुलीच्या मागे प्लास्टिकचा पंखा आहे, मोटर थंड ठेवणारा तोच. पुलीबरोबर तोही गेला. त्यात बिनभाराची कपॅसिटर मोटर थंड राहते हा समजही चुकीचा. कपॅसिटर भाराच्या हिशोबाने निवडलेला असतो, भार नसताना एका वाइंडिंगमधून गरजेपेक्षा जास्त करंट जातो.

पुली पंख्यासकट परत बसवली. २० मिनिटांनी ५२.२ ओहम, म्हणजे ८२ अंश.

रविवार, २३ फेब्रुवारी

त्यामुळे सँडरचा आराखडा बदलला. डिस्क थेट शाफ्टवर बसवायची होती, ती आता पुलीच्या तोंडावर. पंखा मागे जसाच्या तसा. १२ मिमी प्लायची १५० मिमी व्यासाची चकती, पुलीतल्या तीन भोकांतून एम-५ चे तीन बोल्ट, डोकी प्लायमध्ये बुडवलेली. पहिल्या फिरवणीत कडेला १.४ मिमी डगमग. पुली आणि प्लायच्या मध्ये एका बाजूला कार्डाच्या पट्ट्या घालून ०.३ वर आणली. मग मोटर चालू ठेवून कडेला पटाशी टेकवून घेर गोल केला. ८० नंबरचा पेपर कॉन्टॅक्ट ॲढेसिव्हने. मिनिटाला १३८० फेऱ्यांना कडेचा वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर, मऊ लाकडाला आणि प्लायला पुरेसा.

टेबल डिस्कच्या ज्या अर्ध्या भागापुढे आहे तो भाग खाली जायला हवा, वर आला तर तुकडा उडवतो. दिशा उलटी आली होती, फेजचं टोक बदलून सुधारली.

पंखा भुसा आत ओढतो. जुन्या पॅनलच्या पत्र्याची ढाल डिस्क आणि पंख्याच्या मध्ये लावली, हवा मागून घेतली. डासांची जाळी लावून पाहिली, ती दहा मिनिटांत भुशाने बंद झाली, काढून टाकली. ढालीसह, लाकूड घासत २० मिनिटं: ५४.० ओहम, ९३ अंश. चालेल.

एक धोका उरतो. थर्मल प्रोटेक्टर थंड झाला की आपोआप जुळतो आणि सँडर कुणी हात न लावता सुरू होतो. १६ तारखेला तो २५ मिनिटांनी जुळला होता. वीज गेल्यावर परत सुरू होऊ नये म्हणून पुश-बटणाचा कॉन्टॅक्टर लावलाय, लोडशेडिंगला तो उपयोगी; पण प्रोटेक्टर मोटरीच्या पोटात असल्याने कॉन्टॅक्टरला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून स्टँडवर मार्करने लिहिलं: 'थांबला तर प्लग काढा.'

रविवार, २ मार्च

उरलेल्याचा निकाल. प्लास्टिक (बॉडी, टब, बेस, झाकणं, टोपली) १०.९ किलो. टबाच्या तळाला त्रिकोणात ५ आणि पीपी छापलंय, ते वेगळं बांधलं. मिसळलेल्या प्लास्टिकला भंगारवाला जवळपास काही देत नाही. शाफ्ट-बुशची जोडी आणि मोठी पुली १.४, पत्रा आणि नट-बोल्ट ०.९, वायरी ०.५, पाइप-पट्टा-रबर ०.७, टायमर-कपॅसिटर-बझर ०.३. मोटरी धरून २१.४. उरलेला शंभर ग्रॅम म्हणजे पल्सेटरखालचा गाळ, नाण्यासकट.

ठेवलं: धुण्याचा टायमर, बझर, दोन्ही होज (दुसऱ्या सेमी-ऑटोमॅटिकला बसतात), पट्टा (नंबर वाचता येतो, भेगा नाहीत), चार चाकं, ३४ स्टार स्क्रू, झाकणाचा स्विच. मोठी पुली ठेवायचा मोह आवरला. तिचं मधलं भोक त्याच शाफ्टच्या मापाचं, आणि पुण्यातल्या बोहरी आळीत हव्या त्या बोअरची पुली सहज मिळते.

वायरी जाळून तांबं काढायचं नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन निघतात. ब्लेडने सोलून ४० मिनिटांत मुख्य कॉर्ड झाली, बाकीच्या बारीक वायरी सोलण्याच्या लायकीच्या नाहीत.

ड्रायरची मोटर, त्याचा टायमर, जुना कपॅसिटर (छोट्या भागाच्या वायरीवर 'खराब' लिहून, तपासणीचं काम संपलं म्हणून) आणि बारीक वायरी एका खोक्यात. वॉशिंग मशीन १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत येतं, त्यामुळे हे खोकं नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे. पत्रा आणि पीपी नेहमीच्या भंगारवाल्याकडे. टोपलीत गवती चहा लावला, तळाच्या भोकांवर खापरी ठेवून.